गिअरची गाडी

"काकू, परवान्यासाठी बिनगिअरचा ट्रक घ्या," प्रशिक्षक पुन्हा बजावत होता. "तुम्हाला नोकरी देणाऱ्या मालकाच्या गाड्या तशाच आहेत. परीक्षेत चढावर मागे घसरलात, तर हातची नोकरी जाईल."

"मला गिअरचाच हवाय."

सरावाच्या चढावर तिने ट्रक थांबवला. गिअर टाकून तिने क्लच अलगद सोडला. तसूभरही मागे न सरता ट्रक वर चढला.

"हात चांगला बसलाय की तुमचा," प्रशिक्षक म्हणाला.

घरी नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, पाय गेल्यापासून तसाच पडून असायचा.

"गिअर काही केल्या पडत नाही हो," ती रडवेली होऊन म्हणाली. "उद्या शेजारी बसून सांगाल?"

त्याने कूस बदलली.

"कुबड्या दे इकडे."