मुलीचं म्हणणं

शाळेच्या फाटकाने तरन्नुमचा चेहरा ओळखला, पण ते उघडलं नाही. आठवीतली ही मुलगी दहा दिवसांसाठी निलंबित होती. वर्गातल्या कॅमेऱ्याच्या यंत्राने तिने रेवती या मैत्रिणीला ढकलल्याची नोंद केली होती आणि वर्गशिक्षिका वैजयंता माने यांनी मोबाइलवरूनच शिक्षेला मान्यता दिली होती.

चौथ्या दिवशीही ती दप्तर घेऊन बाहेर उभी दिसली, तेव्हा माने बाई चिडूनच तिच्याकडे गेल्या.

"रोज कशाला येतेस गं?"

"बाई, मी ढकललं नव्हतं. रेवतीला चक्कर आली, म्हणून धरायला गेले."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलंच नाही."

बाईंनी मोबाइलवर ते चित्रण पहिल्यांदाच पूर्ण पाहिलं. रेवती आधीच कोसळत होती. खाली यंत्राचा प्रश्न होता, 'मुलीचं म्हणणं काय?' आणि बाईंचं उत्तर, 'काही नाही.' या वर्षात त्यांनी सत्तावीस मुलांबद्दल हेच लिहिलं होतं. शरमेने त्यांना वर बघवेना.

त्यांनी तिथेच निलंबन रद्द केलं आणि कारण लिहिलं, 'चूक माझी.'

"मला माफ कर, बाळा."

फाटक सरकलं. तरन्नुमने आत धाव घेत विचारलं, "बाई, गणिताचा तास संपला का हो?"