मासोळीची तीन कार्डं

सत्त्याऐंशी साली धाकटीने जुनी गाडी घ्यायची ठरवली, आणि थोरलीच्या पोटात दुखू लागलं.

गाडीचं मनात होतं ते आधी थोरलीच्या. पण लहानपणापासून सगळं धाकटीला आधी मिळायचं. खिडकीजवळचा पलंग, नवा फ्रॉक, आणि थोरलीला पुस्तकं द्यायच्या निमित्ताने घरी येऊ लागलेला शिक्षक, तोसुद्धा. आता तो धाकटीचा नवरा होता.

थोरली वाहनमालक मंडळाच्या कचेरीत होती. गाडीचं काही बिघडलं की मालक कार्ड भरून पाठवत. ती ते मॉडेलप्रमाणे खणात लावायची. शनिवारी आणखी एक काम असे. कोणी मालक वारल्याचं पत्र आलं की गाडीचा क्रमांक बघून त्याची कार्डं काढायची आणि तळघरातल्या खोक्यात टाकायची. "मालकच नाही, तर निस्तरायचं कोणासाठी?" असं साहेब म्हणत. बारा वर्षं तिने ते बिनचूक केलं होतं.

"ताई, तुझ्या खणात बघून सांग ना," धाकटी म्हणाली. "बाजारात दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक पेटी, एक मासोळी. हे म्हणतात, ताई सांगेल ती घ्यायची."

पेटी चौकोनी, मासोळी निमुळती. ही नावं लोकांनीच पाडलेली. दोन्ही सारख्याच खपलेल्या.

दुसऱ्या दिवशी थोरलीने खण उघडले. पेटीचा गठ्ठा दोन्ही हातांत मावेना. दार अडकतं, काच खाली गेली की वर येत नाही, भोंगा आपोआप वाजतो. मासोळीची मात्र अवघी तीन कार्डं. एक रंगाबद्दल, दोन सीटच्या शिवणीबद्दल.

तिने ती तीन कार्डं पुन्हा मोजली आणि खण लावून टाकला.

"पेटी घे," संध्याकाळी तिने सांगितलं. "मासोळीच्या तक्रारींनी खण भरून वाहतोय."

"नशीब, तू आहेस. मी रंगावरच भाळले होते."

"तू भाळतेसच."

"आणि तू पारखत बसतेस, तोवर बाजार उठतो."

दोघी हसल्या. थोरली जरा उशिरा.

महिन्याभरात निळी मासोळी थोरलीच्या दारात उभी राहिली. धाकटी बघतच राहिली.

"अगं, हीच ना ती वाईट?"

"मला कचेरीत जायला-यायला पुरे. तुम्हाला पोरीला घेऊन फिरायचं असतं."

धाकटीचे डोळे भरून आले. "चांगली आम्हाला दिलीस आणि वाईट स्वतःला ठेवलीस."

थोरलीने किल्ली पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन उगीचच दोनदा लावली.

पेटीने पुढे धाकटीच्या तोंडाला फेस आणला. कधी दार, कधी काच. भर रस्त्यात भोंगा एकदा सुरू झाला की शिक्षक उतरून बॉनेटवर बुक्क्या मारायचा. महिन्या-दोन महिन्यांनी धाकटीचं कार्ड यायचं. थोरली ते सावकाश वाचून लावायची. त्या दिवशीचा चहा जास्त गोड लागायचा.

मासोळी तीन वर्षं तक्रारीला जागा न देता धावली. मग एका उतारावर तिचं स्टिअरिंग क्षणभर अडकलं आणि लगेच सुटलं. थोरलीने नियमाप्रमाणे कार्ड भरलं. अशी तक्रार पूर्वी आपल्या हाताखालून गेली आहे, असं तिला उगाच वाटलं. तिने खण बघितला. तीच तीन कार्डं होती. चौथं तिने स्वतःच्या हाताने त्यांच्यामागे लावलं, आणि गॅरेजला पुढच्या आठवड्यात जाऊ असं ठरवलं.

पेटी एकोणीस वर्षं चालली, शेवटपर्यंत भोंगा वाजवत. धाकटीची मुलगी तिच्यावरच गाडी शिकली. शिक्षक मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाला. साहेबांनी वारलेल्या मालकांची कार्डं काढायची पद्धत कधीच बदलली नाही. चौथं कार्ड खणात लागलं त्याच महिन्यात थोरलीच्या जागी नवी मुलगी आली होती. पहिल्याच शनिवारी तिच्या टेबलावर धाकटीच्या अक्षरातलं पत्र होतं. तिने क्रमांक बघून मासोळीच्या खणातलं एक कार्ड काढलं, तळघरातल्या खोक्यात टाकलं, आणि वर येऊन वाजणारा फोन उचलला.

"मासोळी ना? निर्धास्त घ्या," ती म्हणाली. "फक्त तीन तक्रारी आहेत."