आग लागली तर

शाळेत पालक संघाचा कुटुंब मेळावा झाला आणि झकास झाला. म्हणजे, झालाच नाही.

मुख्याध्यापकांनी मेळाव्याचा अर्ज पुन्हा परत केला होता. “आजी-आजोबा, तान्ही बाळं, एवढी गर्दी मैदानावर? उद्या आग लागली तर?”

संघाच्या अध्यक्षा दंतवैद्य, हसतहसत दाढ काढणाऱ्या. म्हणाल्या, “खरंय सर. मग सहकुटुंब आगीचा सराव तरी घेऊ या.”

सरावाला नाही कोण म्हणणार? शनिवारी घंटा झाली आणि सगळी खानदानं मैदानाकडे पळत सुटली. कुणी चमच्यात लिंबू घेऊन, कुणी पोत्यात पाय घालून. बायकोने डोळे वटारल्यावर मुख्याध्यापकही पोत्यात उतरले.

सोमवारी अध्यक्षांकडे खुद्द मुख्याध्यापकांचाच अर्ज आला.

“पोत्यांच्या शर्यतीतील माझे पहिले बक्षीस सर्वांसमक्ष देण्यात यावे. अशी शर्यत झाल्याचे मात्र कुणासही कळू नये, ही नम्र विनंती.”