चौदा चिठ्ठ्या

संगणकाची सुरक्षा ही प्रत्येक कर्मचाऱ्याची पवित्र जबाबदारी आहे, असं रुग्णालयाच्या नोंदणी कक्षात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. त्या फलकाच्या खिळ्यावर कुणाचा तरी ओला रुमाल वाळत होता.

"आलात एकदाचे!" लॅपटॉपची बॅग घेतलेला माणूस दारात दिसताच हेडक्लार्क उठून उभे राहिले. "मुख्यालयाला तीन पत्रं पाठवली, इंजिनिअर पाठवा म्हणून. सोमवारी तपासणी आहे. एक जरी मशीन अपडेटविना सापडलं, तर माझी बढती गेलीच म्हणून समजा."

"बघू या," तो म्हणाला.

पहिल्याच कीबोर्डमध्ये बिस्किटाचा चुरा, केस आणि कापलेली नखं होती. माउस बोटांना चिकटला. त्याने बॅगेतून रबरी हातमोजे काढून चढवले.

"कुणाचं आहे हे?"

"माझं," टायपिस्ट ताई म्हणाल्या. "ते मेलं रोज 'अपडेट करा' म्हणतं. मी आपली 'नंतर' दाबते."

"कधीपासून?"

"धाकटी बालवाडीत होती तेव्हापासून. आता चौथीत आहे."

त्याने तोंड वाकडं केलं. "ताई, चाळीस हजार रुग्णांची माहिती आहे यात. कुणीही सोम्यागोम्या आत शिरेल."

"इथं कोण मरायला येतंय!" ताई म्हणाल्या. रुग्णालयात हे वाक्य फारसं शोभलं नाही.

पासवर्ड कीबोर्डखाली चिठ्ठीवर चिकटवलेला होता. मेलेलं झुरळ उचलावं तशी त्याने ती चिमटीत उचलली. "हे असं उघड्यावर ठेवतात?" म्हणाला आणि खिशात घातली. ताई ओशाळल्या.

चौदा मशीन, चौदा चिठ्ठ्या. स्टोअरकीपरने तर आपली खिडकीबाहेरून वाचता येईल अशी डकवली होती. "शी!" एवढंच म्हणून त्याने तीही खिशात घातली. मग त्याने एकेक अपडेट बसवलं, प्रत्येक मशीन बंद करून पुन्हा चालू करून पाहिलं. चहाला हात लावला नाही. कपाच्या कडेला आधीच्या कुणाच्या तरी ओठांचा ठसा होता. संध्याकाळी जाताना कोपरापर्यंत हात धुतले.

"देवमाणूस!" हेडक्लार्क म्हणाले. "आपल्या घाणीची आपल्याला लाज नाही, त्याला वाटली."

सोमवारी चौदाही मशीनपुढे हिरवी खूण पडली. अशी शिस्त कुठेच पाहिली नाही, असं तपासनीस म्हणाले. अडकलेली बढतीची फाइल हलली.

हेडक्लार्कांनी त्याच दिवशी मुख्यालयाला चौथं पत्र लिहिलं. आपण पाठवलेल्या इंजिनिअरांचा जाहीर सत्कार व्हावा, अशी विनंती केली. नावाची जागा मात्र कोरी सोडावी लागली. विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

आठवड्याने उत्तर आलं:

"आपली चारही पत्रे मिळाली. इंजिनिअरचे पद तीन वर्षांपासून रिक्त असल्याने आपल्याकडे अद्याप कोणासही पाठवलेले नाही."