शेंदराखालची संगीन

आमच्या प्रताप नगरच्या कॉलनीत दसऱ्याची शस्त्रपूजा म्हणजे पाटावर गोपाळरावांची जुनी संगीन आणि सतरंजीवर आम्ही. "माह्या बाबनराव आजानं गोऱ्या साहेबाच्या हातातून हिसकून घेतली गा ही!" असं दरवर्षी गरजून झालं की ते माझ्याकडे बोट दाखवतात. "अन् याचा आजा त्याच गोऱ्यायच्या कचेरीत कारकून होता. चाकर लेकाचा!" सगळे हसतात. शेजारधर्म म्हणून मीही हसतो.

यंदा गोपाळरावांना ती संगीन संग्रहालयात काचेमागे हवी होती. म्हणून दसऱ्यालाच, सगळ्यांदेखत, जुन्या हत्यारांच्या अभ्यासक हिमानीताईंना त्यांनी बोलावून घेतलं.

"ही इथली नाही," मूठ न्याहाळत ताई म्हणाल्या. "आफ्रिकेतल्या इंग्रजी पलटणीची दिसते."

"पाहा! माहा आजा आफ्रिकेपर्यंत जाऊन लढला!" गोपाळरावांची छाती फुगली.

ताईंनी रॉकेलच्या बोळ्यानं पात्यावरचा वर्षानुवर्षांचा शेंदूर पुसला. खाली इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. त्यांनी अर्थ सांगितला, "शिपाई बाबनराव यास, आफ्रिकेतल्या लोकांचं बंड मोडल्याबद्दल, साहेबाकडून बक्षीस."



"पूजेचा शेंदूर पुसला काहून वं?" गोपाळराव ताईंवर खेकसले. वाटीतला सगळा शेंदूर त्यांनी पुन्हा पात्यावर थापला, एकही अक्षर दिसेनासं झाल्यावरच हात थांबवला आणि माझ्याकडे वळले.



"पाहून काय राहिला बे, चाकरा? आरती म्हण!"