दहा सह्या

“मास्तर, चंद्राच्या गोष्टी वाचाचं वय हाय काय आपलं?” उत्तमराव म्हणाले आणि पुस्तक न उघडताच त्यांनी ते इंद्रभान मास्तरांच्या हातात परत ठेवलं.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण उत्तमराव पडले वाचनालयाचे अध्यक्ष. राग गिळावा लागला.

रिसोडच्या त्या वाचनालयात मास्तर शाळा सुटल्यावर बिनपगारी बसत. सन छत्तीसमध्ये त्यांनी हट्टानं पुण्याहून विज्ञानाच्या अद्भुत गोष्टींची सव्वीस पुस्तकं मागवली. त्यांच्यासाठी बंद दारांचं सागवानी कपाट करून घेतलं. आज दोन वर्षं झाली, वाचक नाही. आता समितीनं ठराव केला होता, की गुढीपाडव्यापर्यंत रजिस्टरात दहा वाचकांच्या सह्या झाल्या नाहीत तर ही रद्दी फय्याज किराणावाल्याला पुड्या बांधायला द्यावी आणि कपाटात पोथ्या ठेवाव्यात.

सही होती एकच. ती शालिकराम बागवाल्याची. दाराजवळच्या टेबलावर रजिस्टर उघडंच असे आणि गाव पुस्तकांपेक्षा तेच जास्त आवडीनं वाचे. शालिकरामनं चंद्रावरचं पुस्तक नेलं आणि दुसऱ्या दिवशी तो अख्ख्या बाजारात ‘चांदोबा’ झाला. त्याची वांगी घेतानाही बाया पदराआड हसू लागल्या. त्यानंतर कुणी सही केली नाही.

दिवाळीला मास्तर इतके वैतागले, की त्यांनी कपाटाला कुलूप ठोकलं, किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि जाहीर केलं, “आता कोणी सही करून मागंल तवाच उघडीन!” स्वतःची एक प्रत तेवढी पिशवीत ठेवून ते घरोघर शिफारस करत फिरू लागले.

दौलतरावांच्या जावयाची पहिली संक्रांत होती. दौलतराव समितीत होते. त्यांनी सही केली असती तर बाकीचे चार जण आपोआप आले असते.

“जवाई शिकेल हाय ना?” मास्तर म्हणाले. “मंग पुस्तक द्या. मंगळावरच्या लोकायचं एक हाय, एका बैठकीत वाचून काढंल.”

“थ्या तीन डोळ्याच्या लोकायचं? जवाई म्हणंल, सासऱ्याचं डोस्कं फिरलं!” दौलतरावांनी जावयाला पितळी तांब्या दिला.

समितीतला तिसरा सभासद रऊफ शिंपी. दुपारी त्याच्या दुकानात माशी फिरकत नसे.

“बसल्या बसल्या वाचत जा ना,” मास्तरांनी गळ घातली. “थे यंत्राच्या माणसाचं ने. वेळ कसा जाईन, समजनार नाई.”

“मास्तरसाब, त्याले कपडेच लागत नाई. शिंप्याच्या काय कामाचा तो?” रऊफ हसला आणि पुन्हा मशीन चालवू लागला.

मास्तरांना रडावंसं वाटलं. या लोकांना आकाशात काय आहे याची जराही उत्सुकता नसावी? पोटाला चिमटा काढून आपण कुणासाठी हे सगळं केलं? त्यांनी बदलीचा अर्जसुद्धा लिहिला आणि मग फाडून टाकला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ते रजिस्टरासमोर एकटेच बसले. टाक हातात होता. नऊ नावं, नऊ सह्या. कोण तपासणार होतं? त्यांनी टाक दौतीत बुडवलाही. पण उभ्या जन्मात पोरांची कॉपी पकडणाऱ्या माणसाला ते जमलं नाही.

संध्याकाळी समिती जमली. फय्याज तराजू आणि पोतं घेऊन दारात उभा राहिला.

“एकच सही,” उत्तमराव रजिस्टर पाहून म्हणाले. “मास्तर, मले बी वाईट वाटून राह्यलं. पन ठराव म्हंजे ठराव.”

“एकदा तरी वाचून पाह्यलं असतं तुमी!” मास्तरांचा आवाज फुटला. “नाव ठेवाले तरी वाचाचं!”

मास्तरांनी खिळ्यावरची किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि दोन्ही दारं उघडली.

चारही फळ्या रिकाम्या होत्या.

मास्तरांनी खालच्या फळीवर हात फिरवून पाहिला. पुस्तक सोडाच, एक सुटं पानही हाताला लागलं नाही.

“किताबां कुठं हायेत?” फय्याजनं विचारलं.

दौलतराव पागोटं सारखं करू लागले. रऊफ एकटक आढ्याकडे पाहत होता. शेवटी उत्तमराव खाकरले आणि त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे रागानं पाहिलं.

“अबे, सारेच कशे गेले?” ते म्हणाले. “माह्याजवळ त दोनच हायेत!”