तासाभराची दहा वर्षं

२०७१ साल होतं, युद्धाचं तिसरं वर्ष. आघाडीवर माणसं कमी पडत होती. अकोल्याच्या कोर्टात इंदुताई खानझोडे आणि वैरागडे हे सरकारने नेमलेले दोन वकील नव्या कायद्याच्या मसुद्यावर संमतीची सही करायला बसले होते. शेजारच्या खोलीत मनातला काळ ताणणारं एक नवं यंत्र होतं; त्यातला कैदी दहा वर्षांचा तुरुंगवास तासाभरात भोगून लढायला मोकळा होणार होता.

“तुरुंग रिकामे होतील. याहून मोठी सुधारणा कोणती?” इंदुताई म्हणाल्या.

“साक्षीदार तपासण्याआधीच युक्तिवाद? वकिली कुठे शिकलात, बाई?” वैरागडे म्हणाले. “तुमचा दौलत बाहेर येऊ द्या.”

दौलत हा इंदुताईंचा अशील, यंत्रातला पहिला कैदी. तासाभराने तो यंत्रातून बाहेर आला तेव्हा दाराशी त्याची आई डबा घेऊन बसली होती. भाकरी अजून गरम होती.

“दहा वर्षांत एकदाही भेटायला आली नाहीस,” तो म्हणाला.

“अरे, मी कुठे हलले इथून?”

इंदुताईंनी पेनाला टोपण लावलं.

कायदा त्यांच्या सहीशिवाय झाला. वैरागडे त्याच साली वारले. इंदुताईंनी वीस वर्षं भांडून तो कायदा रद्द करवला. दौलत आघाडीवरून जिवंत परतला. रोज संध्याकाळी सहाला, तुरुंगातल्या मोजणीच्या वेळी, तो दाराबाहेर ताठ उभा राही. आई “एक” म्हणे, मगच तो आत येई.